धरणाची मुदत

शंकेखोर : धरण पाडल्याची बातमी तुम्ही नदीवाले पेढे वाटल्यासारखी सांगता, म्हणून आधी मी ती नीट वाचून काढली. अमेरिकेतली क्लॅमथ नदी. वरचं खोरं ओरेगॉन राज्यात, मुख कॅलिफोर्नियात, पॅसिफिक महासागराला. तिच्यावरची चार धरणं, कॉप्को एक, कॉप्को दोन, जे. सी. बॉइल आणि आयर्न गेट, २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत काढून टाकली. खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर. कारण काय, तर सॅल्मन मासा वर जाऊ शकत नव्हता. आता मी पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढलेला माणूस. पायाच्या खोदाईपासून सांडव्याच्या दारांपर्यंत एक धरण उभं राहताना काय काय पणाला लागतं ते मी पाहिलंय. म्हणून माझा पहिला प्रश्न माशाचा नाहीच. बांधून झालेली, चालू असलेली, कोळशाचा कणही न जाळता वीज देणारी गोष्ट मोडायची, आणि तीही अशा काळात की कोळसा कमी करा म्हणून सगळं जग कानीकपाळी ओरडतंय. हे श्रीमंताघरचं कौतुक नाही तर काय?

नदीवेडी : काका, 'धरण' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उजनी येतं. कालवा येतो, आवर्तन येतं, टेलचा शेतकरी येतो. या चारांपैकी एकातूनही शेताला पाणी जात नव्हतं. पूर अडवायचं कामही त्यांचं नव्हतं. चारही निव्वळ विजेची, एका खासगी कंपनीच्या मालकीची, आणि सगळ्यांची मिळून क्षमता १६३ मेगावॅट. आपल्या कोयनेची १,९६० आहे, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. पॅसिफिकॉर्प ही ती कंपनी. तिच्या एकूण विजेत या चारांचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत.

आता दुसऱ्या पारड्यात काय होतं ते बघा. अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मनसाठी क्लॅमथचा एके काळी तिसरा नंबर होता. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, तो हा नव्हे, नातं फक्त इंग्रजी नावापुरतं.) हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, पिल्लू असतानाच समुद्रात जातो, दोन-चार वर्षं तिथे वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत येतो. अंडी घातली की मरतो. कॉप्को एक पुरं झालं १९१८ मध्ये, पण काम चालू असतानाच, १९१२ च्या सुमाराला, वरची वाट बंद झाली होती. चारशे मैलांहून जास्त लांबीचे ओढे-उपनद्या त्या माशाला कायमच्या तुटल्या. वर राहणाऱ्या क्लॅमथ जमातीला १८६४ च्या तहात मासेमारीचा हक्क लिहून मिळालेला आहे. पन्नास वर्षं होतात न होतात तोच त्यांच्या हद्दीत मासा यायचा थांबला. हक्क कोणी काढून घेतला नाही. मासाच येईना.

शंकेखोर : मग माशाला वाट करून द्या. धरणाला पायऱ्या बांधा. इंजिनिअरिंगमध्ये हा प्रश्न काही नवा नाही; पाण्याचे टप्पे करायचे, मासा एकेक उडी मारत वर जातो. आणि तेही नको असेल तर मत्स्यबीज केंद्र काढा. परदेशात कशाला जायचं, लोणावळ्याला चल. वळवणच्या तलावावर टाटांचं महसीरचं केंद्र सत्तरच्या दशकापासून चालू आहे. सी. व्ही. कुलकर्णींसारख्या माणसांनी तिथे महसीरची अंडी काढून, फळवून, पिल्लं वाढवायची रीत बसवली. लाखो पिल्लं देशभर गेली. धरणही राहिलं, मासाही राहिला. यात कोणाचं काय बिघडलं?

नदीवेडी : पायऱ्यांचं आधी सांगते. जे. सी. बॉइलला होत्या. पण तिथपर्यंत मासा पोचेल तर चढेल ना? सगळ्यात खालचं आयर्न गेट, मातीचं, १७३ फूट उंच, १९६२ चं. त्याला पायऱ्या केल्याच नाहीत. त्या बदल्यात साठच्या दशकात तुम्ही म्हणता तसं मत्स्यबीज केंद्र दिलं. म्हणजे तुमचा उपाय तिथे साठ वर्षं करून बघितलेला आहे. त्यातून धरणाच्या खाली मासे येत राहिले, पण ते एका टाकीचे मासे. ओढ्याओढ्यांची वेगवेगळी कुळं असतात. कोणी वसंतात चढतं, कोणी शरदात, कोणी कमी पाण्यात तग धरतं. टाकीत ती सगळी एका साच्याची होतात. वसंतात चढणारे तर जवळजवळ नाहीसेच झाले.

आणि वळवणचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ती गोष्ट अर्धीच सांगतात. तिथला महसीर म्हणजे आपला खडस. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. इथला मासा, इथल्या पावसाळ्यात वर चढणारा. त्याची पिल्लं कावेरीत सोडली. कावेरीत स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि त्याची जागा आपल्या निळ्या पराच्या खडसाने घेतली असं अभ्यासक म्हणतात. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. नदी ही जागा भरायची टाकी आहे, मासा कोणताही चालेल, एवढाच हिशेब चुकला.

शंकेखोर : ठीक. टाकीचं मान्य. पण मग जे झालं त्याचंही पूर्ण सांग. जानेवारी २०२४ मध्ये तीन जलाशय रिते करायला घेतले. शंभर वर्षांचा गाळ एका हंगामात खाली सोडला. नदी कित्येक महिने चहासारखी वाहत होती. हरणं चिखलात रुतून मेली. आणि फेब्रुवारीच्या अखेरीला तुमच्याच बाजूच्या लोकांनी, म्हणजे राज्याच्या मत्स्य खात्याने, चिनूक जातीच्या सॅल्मनची सुमारे ८ लाख ३० हजार पिल्लं वरच्या ओढ्यात सोडली. ती आयर्न गेटच्या तळातल्या बोगद्यातून खाली जाताना दाबातल्या फरकाने मेली. रक्तात बुडबुडे होऊन. ज्या धरणातून मासा वाचवायचा, त्याच धरणाने शेवटच्या वर्षी ती पिल्लं गिळली. हा साधा अभियांत्रिकी हिशेब होता. बोगद्यातला दाब कोणी तपासायला नको होता का?

नदीवेडी : हवा होता. खात्याने चूक कबूल केली, नंतरची पिल्लं धरणाच्या खाली नेऊन सोडली. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण गाळाचं म्हणाल, तर तुम्ही सांगा, तो गाळ आला कुठून? धरण नसतं तर तो शंभर वर्षं थोडा थोडा खाली गेलाच असता. खालच्या पात्रात वाळू-खडी हवीच असते, तिच्याशिवाय मासा अंडी कुठे घालणार? जलाशयांत दर उन्हाळ्यात विषारी निळं-हिरवं शेवाळ माजायचं, काठावर 'पाण्याला हात लावू नका' अशा पाट्या लागायच्या. ते पाणी खाली यायचं. आणि एका हंगामाच्या चिखलाबद्दल बोलायचं तर सप्टेंबर २००२ बद्दलही बोला. तेव्हा गाळ नव्हता, बोगदा नव्हता. नदीत पाणी कमी होतं आणि ते कोमट होतं. किमान तीस हजार मोठे सॅल्मन, अंडी घालायला आलेले, कल्ल्यांच्या रोगाने मुखाजवळच मेले. युरोक जमातीच्या लोकांनी ते मासे काठाला लागताना पाहिले. धरणं पाडायची चळवळ पुढे इतकी चिवट का झाली हे त्या महिन्याशिवाय कळत नाही.

शंकेखोर : चिवट लोकांचं मला कौतुकच आहे. पण चिवट दोन्हीकडे होते. जिथे धरणं होती त्या सिस्कियू परगण्यात २०१० मध्ये मत घेतलं, तर जवळपास ८० टक्के लोकांनी पाडू नका म्हणून सांगितलं. कॉप्को तलावाच्या काठी ज्यांनी घरं बांधली, निवृत्तीचे पैसे घातले, त्यांच्या दारात आज तलाव नाही. आपल्याकडे धरणग्रस्त असतात. तिथे धरण गेल्याने ग्रस्त झालेले आहेत. त्यांचं ऐकायचं की नाही? का लोकशाही फक्त आपल्या बाजूचं मत पडलं की पवित्र?

नदीवेडी : ऐकायचं. पण मग कोणाकोणाचं, ते मोजताना १९१० च्या आसपासही मत घ्यावं लागेल. कॉप्कोच्या पाण्याखाली शास्ता जमातीची गावं होती. तुमच्या भाषेत बोलायचं तर भूसंपादन झालं. तेव्हा मतदान नव्हतं. आता पाणी ओसरल्यावर जमीन वर आली, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यातली सुमारे २,८०० एकर शास्तांना परत द्यायचं ठरवलं. मला सगळ्यात अडखळायला होतं ते इथे. मासा परत येईल न येईल, त्याचं शास्त्र आहे. पण शंभर वर्षं पाण्याखाली असलेली जमीन वर आली की ती कोणाची? घेतली त्याची, घेतलेल्याने ज्याला विकली त्याची, की जिच्यातून माणसं उठवली त्यांची? मुळशीचा विचार करा. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे मावळातली माणसं बांधावर बसली. धरण झालंच. उद्या ते पाणी ओसरलं तर सातबारा कोणाच्या नावाने काढाल?

शंकेखोर : तो प्रश्न तू मला विचारू नकोस, झोप उडेल.

(मध्येच एक गोष्ट सांगायचा मोह होतो. जुलै-ऑगस्टात आपल्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट असते: खडकवासला इतकं, पानशेत इतकं, कोयना इतकं, टक्के आणि टीएमसी. आपण ती क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो. नदीत किती पाणी आहे याची चौकट छापलेली मला तरी आठवत नाही. नदी बातमीत येते ती पुलाला पाणी लागलं की. हे दोघं भांडतात त्या दोन्ही बाजू या एका चौकटीच्या आतबाहेरच्या आहेत.)

शंकेखोर : बरं, आता माझ्या मूळ मुद्द्यावर. तुम्ही म्हणता नदी जिंकली. मी ती कागदपत्रं चाळली तर मला नदी कुठे दिसली नाही, परवाना दिसला. पन्नास वर्षांचा परवाना २००६ मध्ये संपला. कंपनी नवा मागायला गेली. अमेरिकेतल्या १९२० च्या वीज कायद्यात एक कलम आहे. त्याप्रमाणे मत्स्य खात्याने 'माशांना वाट द्या' अशी अट घातली की परवाना देणाऱ्या आयोगाला ती डावलता येत नाही. अट पडली. पायऱ्या बांधा, वर पुन्हा पाण्याच्या अटी पाळा, असा सगळा खर्च धरला तर धरण चालवणं तोट्यात. पाडायला लागणारा पैसा मात्र ठरलेला: २० कोटी डॉलर वीजग्राहकांच्या बिलातून, २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. कंपनीने दोन आकडे शेजारी ठेवले आणि सही केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाची शेवटची मंजुरी आली. यात नदीचं प्रेम कुठे आहे? हा तर व्यापाऱ्याचा निर्णय. आणि व्यापाऱ्याच्या निर्णयाला तुम्ही तीर्थ करून बसलात.

नदीवेडी : हे मी नाकारत नाही. उलट मला तुमच्याकडून हेच ऐकायचं होतं. फक्त दोन गोष्टी जोडते. एक, तो दुसरा आकडा आपोआप शेजारी आला नाही. कंपनी स्कॉटलंडच्या मालकांकडे होती तेव्हा, २००४ मध्ये, या जमातींची माणसं एडिनबरोला भागधारकांच्या सभेत जाऊन उभी राहिली. मालकी वॉरन बफेंच्या कंपनीकडे गेली तर ही माणसं ओमाहाला जाऊन उभी राहिली. त्यांनी वकील पोसले, स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ नेमले, नदीचं तापमान वर्षानुवर्षं मोजलं. 'निसर्गपुत्र' वगैरे म्हणून त्यांना हार घालायची आपली सवय आहे. ही माणसं कागदपत्रांत तुमच्या खात्याला भारी पडली असती.

आणि दुसरी गोष्ट मोठी आहे. प्रेम कुठे आहे म्हणता? त्या कलमात आहे. मासा हिशेबवहीत घुसला तो त्या कलमातून. धरणाला मुदत होती, म्हणून एक दिवस असा आला की मालकाला दारात उभं राहून 'पुन्हा द्या' म्हणावं लागलं. त्या दिवशी मासा आयोगासमोर उभा राहू शकला. आपल्याकडे असा दिवस कधी येतो सांगा. धरण बांधताना परवानग्यांचे डोंगर असतात, पण एकदा बांधून झालं की झालं. त्याला कोणी वयाच्या पन्नासाव्या वर्षी बोलावून विचारत नाही की बाबा, तुझं अजून काम आहे का?

शंकेखोर : बोलावतात. धरण सुरक्षितता कायदा आहे, २०२१ चा. तपासणी होते, गळती मोजतात.

नदीवेडी : भिंत पडेल का, हे विचारतात. भिंत हवी का, हे नाही. मुल्लापेरियारचा भाडेकरार माहीत आहे ना तुम्हाला? १८८६ चा. मुदत किती, तर ९९९ वर्षं. करार लिहिणाऱ्याला नदी नावाची गोष्ट बदलू शकते ही शंकाच आली नसावी.

शंकेखोर : (हसतो) तो आकडा आमच्यातही विनोदाचा आहे. पण तू हुशारीने मला एका बाजूला नेलंस, म्हणून मी परत येतो. तुझ्या गोष्टीत अजून दोन धरणं आहेत ज्यांचं तू नाव घेतलं नाहीस. कीनो आणि लिंक रिव्हर. ती उभी आहेत. का? कारण त्यांच्या मागे शेती आहे. सरकारी सिंचन प्रकल्प, शंभराहून जास्त वर्षांचा, दोन लाख एकरांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना तिथली जमीन दिली, आणि कोणाला कोणती मिळणार ते लोणच्याच्या बरणीतून चिठ्ठ्या काढून ठरवलं. ही माणसं काही जमीनदार नव्हेत. त्यांना सरकारने बोलावलं, कसायला लावलं. २००१ मध्ये दुष्काळ पडला आणि माशांसाठी त्याच सरकारने त्यांचं पाणी तोडलं. हजारो माणसं क्लॅमथ फॉल्स शहराच्या रस्त्यावर हातोहात बादल्या देत रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी पाणी त्यांना दिलं, तर तू सांगितलंस ते तीस हजार मासे मेले. म्हणजे खरं भांडण पाण्याचं. विजेची चार धरणं त्या भांडणात नव्हतीच!

आणि हेही लक्षात घे. २०१० मध्ये जो करार झाला त्याचे दोन भाग होते: धरणं पाडायची, आणि शेतकरी व जमातींमध्ये पाणी वाटून घ्यायचं. दुसरा भाग अमेरिकेच्या संसदेने मंजूर केला नाही, २०१५ च्या अखेरीला तो विरला. पहिला तेवढा राहिला. जे सोपं होतं ते केलं, जे अवघड होतं ते सोडलं. याला मी नदीचं पुनरुज्जीवन म्हणू?

नदीवेडी : माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही. उलट अजून अवघड करून सांगते. त्या लिंक रिव्हर धरणाच्या वरच्या तळ्यात दोन जातींचे मासे आहेत, तळाशी चरणारे, १९८८ पासून धोक्यातल्या यादीत. क्लॅमथ जमातीला ते सॅल्मनइतकेच पूज्य. त्यांना तळ्याची पातळी उंच हवी. खालच्या सॅल्मनला नदीत पाणी सोडलेलं हवं. तुम्ही मासा विरुद्ध शेतकरी म्हणता. कोरड्या वर्षी तिथे मासा विरुद्ध मासा असतं, जमात विरुद्ध जमात. त्यात शेतकरी तिसरा.

पण 'सोपं ते केलं' हे मला टोचतं. सोपं असतं तर वीस वर्षं लागली नसती. आणि झालं काय ते बघा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी नदी जुन्या पात्राने वाहू लागली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिनूक आयर्न गेटच्या जागेवरून वर गेले. १६ तारखेला ओरेगॉनमधल्या स्पेन्सर क्रीक नावाच्या ओढ्यात ते सापडले. १९१२ नंतर पहिल्यांदा. म्हणजे जिथे त्यांच्या कोणत्याच पूर्वजाने तीस-पस्तीस पिढ्यांत पाऊल, अं, पर टाकला नव्हता, तिथे. कोणी नेऊन सोडले नव्हते. तुमच्या त्या कीनो आणि लिंक रिव्हरच्या पायऱ्या चढून २०२५ च्या शरदात ते वरच्या तळ्यातही पोचले. मासा शिडी चढतो हे तुमचंही खरं ठरलं, घ्या.

शंकेखोर : घेतो. पण तू आता नवा घोटाळा केलास. इतके दिवस तळ्यात सॅल्मन नव्हता, म्हणून भांडण धरणाच्या खालच्या पाण्याचं होतं. आता तो शेतकऱ्याच्या कालव्याच्या तोंडाशी आला. धोक्यातल्या माशाच्या अटीही त्याच्यामागे येतील, नाही का? चार धरणं पाडून तुम्ही भांडण मिटवलं नाहीत, ते साठेक मैल वर नेऊन ठेवलंत.

नदीवेडी : हो. तिथेच ते मुळात व्हायला हवं होतं, जमातीच्या आणि शेतकऱ्याच्या समोरासमोर, मासा दोघांच्या देखत असताना. शंभर वर्षं एका बाजूचा पक्षकार हजरच नव्हता.

शंकेखोर : हे वाक्य चांगलं आहे, पण कोरड्या वर्षी वाक्याने पाट भिजत नाही. आणि आता आपल्याकडे ये. कारण तू हे सगळं मनात फराक्का धरून बोलतेस, मला कळतं. हिल्सा, आपल्या बाजारातला पाला. १९७५ पर्यंत समुद्रातून गंगेत शिरून अलाहाबादपर्यंत, त्याही पलीकडे जात होता. फराक्काचा बंधारा झाला आणि वरच्या गंगेतून तो जवळजवळ गेला. बिहारच्या मच्छीमाराचं उत्पन्न गेलं. आता बराकपूरची मत्स्य संस्था हिल्सा पकडून बंधाऱ्याच्या वर नेऊन सोडते, खुणा लावून. तुझ्या भाषेत, वळवणचाच भाऊ. पण फराक्का पाडायचा म्हटलं तर? तो बांधला कोलकात्याच्या बंदरातला गाळ धुवायला, चाळीस हजार क्युसेक पाणी हुगळीत वळवायला. त्यावर रेल्वे आहे, हमरस्ता आहे, बांगलादेशाशी १९९६ चा पाणीकरार आहे. तुझी क्लॅमथ इथे लागू नाही. तिथे दोन टक्के वीज होती म्हणून ती गेली. आपल्या धरणांच्या मागे माणसं पाणी पितात.

नदीवेडी : फराक्का पाडा असं मी म्हणत नाही. नितीश कुमार मात्र बिहारचे मुख्यमंत्री असताना तसं म्हणाले होते, पुराच्या गाळाला कंटाळून, हेही तुम्हाला आठवत असेल. आणि कपिल भट्टाचार्य नावाच्या इंजिनिअरने, तुमच्याच व्यवसायातल्या, बांधायच्या आधीच सांगितलं होतं की याने बंदर वाचणार नाही. त्यांना देशद्रोही ठरवलं. ज्या कामासाठी बांधला ते काम तो किती करतो, याचा हिशेब पन्नास वर्षांनी एकदा तरी सक्तीने मांडला गेला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. कदाचित उत्तर येईल, ठेवा. कदाचित येईल, दारं हिल्साच्या मोसमात उघडी ठेवा. पण उत्तर यायला प्रश्न विचारायची तारीख हवी. क्लॅमथचं मला तेवढंच उचलायचं आहे. पाडणं नाही. तारीख.

शंकेखोर : तारीख धोक्याची असते, हे तू ध्यानात घे. परवान्याला मुदत असली की मालक शेवटच्या दहा वर्षांत डागडुजीवर पैसा घालत नाही. कशाला घालेल? खालच्या गावांवर टांगती तलवार. आणि आपल्याकडे नूतनीकरणाची तारीख म्हणजे काय असतं तुला माहीत नाही. दर पन्नास वर्षांनी नाही, दर पाच वर्षांनी मुदतवाढ, आणि प्रत्येक मुदतवाढीला एक टेबल. मासा त्या टेबलापाशी पोचेपर्यंत फाइल हलून गेलेली असते.

नदीवेडी : म्हणजे तारीख नको?

शंकेखोर : नको म्हणालो नाही. तारीख पाहिजे तर ती घालणाऱ्याला आणि पाळणाऱ्याला वेगळं ठेवायचं कसं, ते सांग. तिथे अट घालणारं खातं वेगळं होतं आणि परवाना देणारा आयोग वेगळा. आपल्याकडे पाणी अडवणारा, पाणी मोजणारा आणि पाणी वाटणारा बऱ्याचदा एकाच इमारतीत बसतो. मी त्या इमारतीत बसलोय.

नदीवेडी : मग मत्स्य खात्याला त्या इमारतीबाहेर तो अधिकार द्या.

शंकेखोर : मत्स्य खातं जलाशयाच्या मासेमारीचा ठेका देतं, बाई. त्याला धरणातला मासा हवा असतो, कटला-रोहू. नदीतला खडस त्याच्या नोंदवहीत येत नाही. तो कुठे राहिलाय सांगू? महाडजवळ वाळण कोंडीला. काळ नदीच्या डोहात. देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही, म्हणून. खात्याने नव्हे, देवीने राखला.

नदीवेडी : आणि देवीला पन्नास वर्षांनी नूतनीकरण लागत नाही.

शंकेखोर : नाही. पण देवीची वाट फक्त डोहापुरती. वर बंधारा झाला तर ती काय करणार? … तुला एक सांगतो. धरणाचं डिझाइन करताना तळाशी एक साठा सोडतात, त्याला मृत साठा म्हणतात. शंभर वर्षांत जितका गाळ येईल तितकी जागा. पहिल्या पानावर तो आकडा असतो. मी तो स्वतः काढलाय, किती वेळा. म्हणजे मुदत लिहिलेली नाही असं नाही. गाळाच्या रूपात ती प्रत्येक फायलीत आहे.

नदीवेडी : आणि शंभराव्या वर्षी?

शंकेखोर : शंभराव्या वर्षाचा कॉलम त्या तक्त्यात नव्हता.

नदीवेडी : भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. मुळशीचं पाणी तेव्हापासून घाट उतरून खाली कोकणात जातंय. ते पूर्वेला भीमेत परत वळवा अशी मागणी अधूनमधून होते, पुण्या-सोलापूरच्या पाण्यासाठी. त्या मागणीत मासा नसतो, आणि पाण्याखालची गावंही नसतात. कोणी तो कॉलम आखायला घेतला, तर त्यात तुम्ही काय काय लिहाल?

शंकेखोर : आधी गाळ मोजायला लावीन. मग तू आलीस तर माशाबद्दल बोलू. जमिनीचं … त्याला मला वेळ दे.